‘गेम उघडना झालाय’ : सीमाभागातल्या खेळाडूंचा अभिप्राय भाषेसकट कसा गोळा करायचा

खानापूर तालुक्यातला एखादा पोरगा गेमच्या अभिप्रायाच्या चौकटीत लिहितो, ‘अपडेट केल्यापासनं गेम उघडना झालाय, लई अडकालाय.’ त्याच दिवशी गोकाकहून कुणी लिहितो, ‘गेम ओपन आगवल्दु.’ दोघांची तक्रार एकच आहे: गेम सुरूच होत नाही. पण गेम बनवणारी टीम बसलेली असते दूरच्या शहरात. पहिलं वाक्य तिथल्या यंत्राला हिंदी वाटतं आणि ‘उघडना’वर ते अडखळतं. दुसरं वाक्य पुस्तकी कन्नडपेक्षा वेगळं, त्यातही बहुधा रोमन लिपीत, त्यामुळे ते इंग्रजीत धरलं जातं. दोन्ही ‘इतर’ नावाच्या कप्प्यात पडतात आणि बिघाड महिनाभर तसाच राहतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी हा पट्टा या कामासाठी देशातल्या अवघड जागांपैकी एक म्हणायला हवा. इथला एकच खेळाडू घरी मराठी बोलतो, शाळेत कन्नड लिहितो, खेळताना माईकवर हिंदी किंवा दखनी (इथली उर्दूची बोली) झाडतो आणि टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरतो. त्यामुळे ‘कर्नाटक म्हणजे कन्नड’ असा एक खण आणि ‘महाराष्ट्र म्हणजे मराठी’ असा दुसरा, ही मांडणी इथं पहिल्याच दिवशी कोलमडते. खाली दिलेली पद्धत चार-सहा माणसांच्या टीमला झेपेल अशी आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात असल्यानं आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत गेम बनवणारी पोरं कमी नाहीत. हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

भाषा विचारून घ्या, अंदाजानं ठरवू नका

भाषा ओळखायच्या तीन सोप्या वाटा दिसतात आणि तिन्ही फसव्या आहेत. फोनची भाषा बहुतेकांची इंग्रजीच असते, कारण दुकानातून फोन तसाच आलेला असतो. मोबाइल नेटच्या आयपी पत्त्यावरून जागा काढावी, तर निपाणीचा माणूस बेंगळुरूत किंवा मुंबईत दिसतो. तिसरी वाट म्हणजे गुगल प्लेवरच्या अभिप्रायासोबत येणारा भाषेचा कोड. तो फोनच्या सेटिंगमधून उचललेला असतो. अभिप्राय प्रत्यक्ष कोणत्या भाषेत लिहिलाय याची तो हमी देत नाही.

म्हणून गेम पहिल्यांदा उघडताना दोनच प्रश्न विचारा. ‘गेममधला मजकूर कुठल्या भाषेत वाचायला आवडेल?’ आणि ‘आम्हाला काही सांगायचं झालं तर कुठल्या भाषेत सांगाल?’ दोन्हींची उत्तरं पुष्कळदा वेगळी येतात, आणि ती वेगळीच साठवा. वाचायला इंग्रजी निवडणारा माणूस तक्रार मराठीत करतो, हे इथं अगदी नेहमीचं आहे.

निवडीच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असावं. भाषेपुढे झेंडा मात्र लावू नका, कुठलाच. लाल-पिवळा असो की भगवा, या भागात झेंडा म्हणजे भाषा नव्हे, ती भूमिका होते, आणि अभिप्रायाची चौकट भांडणाच्या फळ्यात बदलते. गावाचं नाव विचारणार असाल तर यादी देऊ नका, लिहू द्या. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं. मराठी माणूस बेळगाव लिहितो. दोन्ही आतून एकाच नोंदीला जोडा आणि खेळाडूला त्याचंच नाव परत दाखवा.

गेममधली चौकट

अभिप्रायाचा मुख्य झरा हाच. सामना संपल्यावर किंवा लेव्हल हरल्यावर लगेच चौकट उघडू नका. हरलेला माणूस गेमबद्दल नाही, हरण्याबद्दल लिहितो. तीन-चार सामने झाल्यावर, मुख्य पडद्यावर परत आल्यावर विचारा, आणि एका खेळाडूला महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा नको.

प्रश्न तीनच ठेवा: कुठं अडलं, केव्हापासून, आणि आणखी काही सांगायचंय का. बाकीची माहिती, म्हणजे फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, मोकळी मेमरी, नेटचा प्रकार, पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत), गेमची आवृत्ती आणि कोणत्या पडद्यावरून चौकट उघडली, हे सगळं गेमनं आपणहून जोडावं आणि ते जोडलं जातंय हे खेळाडूला एका ओळीत सांगावं. ‘लॅग मारतोय’ या दोन शब्दांना अर्थ येतो तो या जोडणीमुळे. पिंग ३०० असेल तर दुखणं नेटचं. पिंग ४० आणि मोकळी मेमरी संपलेली असेल तर दुखणं आपलं.

मजकुराचे तांत्रिक घोळ इथंच होतात. देवनागरी किंवा कन्नडचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, इंग्रजीचं १. चौकटीची मर्यादा बाइटमध्ये मोजली असेल तर इंग्रजीत ३०० अक्षरं लिहिणाऱ्याला जेवढी जागा मिळते, तिच्या एक तृतीयांशात मराठी आणि कन्नड माणसाला बसवलं जातं. वाक्य ‘पण नंतर’वर तुटतं. मर्यादा चिन्हांत मोजा आणि किमान १००० ठेवा. माहिती साठवायला मायएसक्यूएल वापरत असाल तर तक्त्याची मांडणी ‘यूटीएफ८-एमबी४’ हवी. जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये ४ बाइटचा इमोजी मावत नाही, आणि सैल सेटिंग असेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप गळतो. रागावलेला खेळाडू इमोजीनंच सुरुवात करतो, तेव्हा नेमका त्याचाच अभिप्राय रिकामा दिसतो!

अक्षरं पडद्यावर नीट उमटतात का, हे खऱ्या फोनवर पाहा. काही गेम इंजिनांचा साधा मजकूर-घटक भारतीय लिप्यांची जोडणी करत नाही. मग ‘मिळालं’मधली वेलांटी म सोडून ळ ला चिकटते, जोडाक्षरांत पाय मोडलेली अक्षरं सुटी उभी राहतात. कन्नडमध्ये ओत्ताक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, ओळीखाली लोंबतात. ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवली तर ती कापली जातात. चाचणीसाठी मराठीत ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘उत्कृष्ट’, ‘मिळविण्यासाठी’ हे चार शब्द पुरतात. कन्नडसाठी ‘राष्ट्र’, ‘लक्ष्मी’ यांसारखे अक्षरांचे थर असलेले शब्द घ्या.

प्रश्नांची भाषा

इथं जरा थांबायला हवं, कारण बहुतेक टीम इथंच घाई करतात. इंग्रजी प्रश्नावली कुणाकडून तरी मराठीत करून घेतात आणि ‘आपला क्रीडा-अनुभव कितपत समाधानकारक होता?’ असं काहीतरी छापलं जातं. हे वाचून खेळाडू सरकारी कचेरीत उभा असल्यासारखा वागतो, म्हणजे ‘चांगला’वर बोट ठेवून सटकतो.

प्रश्न बोलण्यातल्या भाषेत लिहा: ‘खेळताना कुठं त्रास झाला?’ ‘त्रास’ हा शब्द इथं सोन्यासारखा आहे, कारण उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्येही ‘त्रास आतु’ सर्रास म्हणतात. पुस्तकी ‘तोंदरे’ कळतो, पण ‘त्रास’ जवळचा वाटतो. लेव्हल, कॉइन, स्कोअर, सेटिंग, लॉगिन यांची भाषांतरं करूच नका. ‘स्तर’ आणि ‘नाणी’ लिहिलं की खेळाडूला आधी शब्द ओळखावा लागतो, मग प्रश्न.

मराठी मजकूर हिंदीवरून करून घेणं हा दुसरा सापळा. लिपी एकच असल्यानं काम झटपट होतं आणि चूक नजरेतून निसटते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण; गेम शिकवणाऱ्या पडद्यावर मराठीत तोच शब्द आला की वाटतं काहीतरी दंड होणार आहे. कन्नड ‘शिक्षे’चा अर्थही दंडच. म्हणून प्रत्येक भाषेचा मजकूर मूळ हेतूवरून स्वतंत्र लिहा, मग त्या भाषेच्या दुसऱ्या माणसाकडून तो उलट इंग्रजीत करून घ्या आणि हेतूशी ताडून पाहा. दहा-बारा वाक्यांना हे एका दुपारचं काम आहे.

संबोधनात सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवा. कन्नडमध्ये ‘नीवु’. पोरांच्या गेममध्ये ‘तू’ गोड वाटेल असं टीमला वाटतं, पण तोच फोन संध्याकाळी आजोबांच्या हातात लुडोसाठी असतो. उलट ‘आपण’ फार लांबचं वाटतं.

ताऱ्यांवर विसंबू नका. पाच तारे देऊन खाली भलीमोठी तक्रार लिहिणारे आपल्याकडे भरपूर आहेत. तारे ही त्यांच्या दृष्टीनं ‘माझं वाचा’ अशी विनंती असते. मोजपट्टी हवीच असेल तर तीन पर्यायांची ठेवा: नीट चालतं, कधीकधी अडतं, खेळताच येत नाही.

आवाजाचा निरोप

मराठी की-बोर्ड फोनमध्ये असतो, पण तो चालू करणारे थोडे. म्हणून लिहिण्याच्या शेजारी माईकचं बटण द्या. ३० सेकंदांची मर्यादा पुरते. ६० दिली की सुरुवातीचे २० घसा साफ करण्यात आणि ‘हॅलो, ऐकू येतंय का’मध्ये जातात. बोलण्यात माणूस भाषा सांभाळत बसत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं: तो अडचणीला स्वतः काय म्हणतो.

व्हॉट्सअॅपवर निरोप घेणार असाल तर एकच मोठा ग्रुप काढू नका. मिश्र ग्रुपमध्ये दोन दिवसांत सगळे हिंदीवर येतात, आणि ज्यांना हिंदी सफाईनं येत नाही ते गप्प होतात. मराठी, कन्नड आणि हिंदी-उर्दू असे तीन वेगळे ग्रुप, प्रत्येकी २५ ते ३० माणसं, आणि प्रत्येकात त्या भाषेत उत्तर देणारा टीममधला एक माणूस. तो रोज नसला तरी चालेल, पण दर तिसऱ्या दिवशी दिसला पाहिजे.

आवाज ऐकून लिहून काढण्याचं काम या पट्ट्यातल्याच माणसाकडे द्या. वडगाव-शहापूरच्या विणकर वस्तीतून आलेल्या निरोपामागे मागाची खटखट असते. आपोआप लिहून देणारं साधन तिथं हात टेकतं, माणसाचा कान टेकत नाही.

समोर बसून चाचणी

वापर-चाचणीतले जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब अजून कामाचा आहे: एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांत ५ माणसांची चाचणी केली की बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात, गट तीन किंवा जास्त असतील तर प्रत्येकातून ३ घ्यावेत. आपले गट चार धरा: घरी मराठी, घरी कन्नड, घरी उर्दू-दखनी, आणि चौथा खेड्यातला, कमजोर नेटवरचा, भाषा कुठलीही. चार गुणिले तीन, बारा माणसं.

गुगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त बोलावलेल्यांना गेम मिळेल अशी) करावी लागते. बहुतेक जण ही बारा नावं मित्रांतून आणि भावकीतून भरतात. तसं न करता वरची बारा माणसंच तिथं नोंदवा. नियमही पाळला जातो आणि चार गटांचं म्हणणंही हाती येतं. काही जण मध्येच गळतात, तेव्हा १५-१६ जणांना आधीच बोलवा. बंद चाचणीतला अभिप्राय फक्त तुम्हाला दिसतो, गुगल प्लेवरच्या गेमच्या पानावर येत नाही, हेही त्यांना सांगा. मग ते मोकळे बोलतात.

चाचणी ४० मिनिटांची. पहिली ५ ओळखीत, २५ खेळण्यात, उरलेली गप्पांत. खेळाडूचाच फोन वापरा, तुमचा नवा फोन नको. शक्य असेल तर एक चाचणी जांबोटी-कणकुंबीकडे घ्या. घाटाच्या झाडीत रेंज येते-जाते, आणि नेट तुटल्यावर गेम काय संदेश दाखवतो ते तिथं आपोआप तपासलं जातं. विचारणारा माणूस खेळाडूच्या घरच्या भाषेचा असावा. तो दुसऱ्या भाषेचा असला तर खेळाडू पाहुण्याला बरं वाटावं म्हणून ‘सगळं चांगलंय’ म्हणतो. मध्ये मदत करू नका. खेळाडूनं ‘आता काय करू?’ विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच, आणि तो कुठं अडला ती वेळ वहीत.

छाननी : मूळ वाक्य कधीही पुसू नका

सगळ्या वाटांनी आलेलं एकाच तक्त्यात ओता. रकाने हे: तारीख, कुठून आलं, खेळाडूनं सांगितलेली भाषा, प्रत्यक्ष भाषा, लिपी, मूळ वाक्य, साधा अर्थ, विषय-कोड (म्हणणं कशाबद्दल आहे त्याची ठरलेली खूण), तीव्रता, फोन, गेमची आवृत्ती. मूळ वाक्याच्या रकान्याला कुलूप लावा. भाषांतर चुकलं तर दुरुस्त करता येतं. मूळच गेलं तर काहीच हातात राहत नाही. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडाल तर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसू शकतो. ती ‘डेटा’मधून यूटीएफ-८ निवडून आत घ्या. आणि कचरा दिसत असताना चुकून सेव्ह करू नका. गुगल प्लेच्या एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमला थेट माहिती देणाऱ्या सोयीतून, मागच्या आठवडाभरातले किंवा त्यात बदललेलेच अभिप्राय मिळतात, म्हणून ते दर दोन-तीन दिवसांनी उतरवून घेणारी स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी लावा.

आता शब्दसंग्रह. दोनेकशे अभिप्राय वाचले की इथल्या बोलीचे नेहमीचे शब्द हाती लागतात. त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे अर्थ व कल लिहा. नमुन्याला काही:

‘उघडना झालाय’, ‘चालंना’, ‘ओपन आगवल्दु’: गेम सुरूच होत नाही, बिघाड.
‘अडकालाय’, ‘हँग मारतोय’: मध्येच थांबतो, बिघाड.
‘चार्जिंग खातोय’, ‘फोन तापालाय’: बॅटरी.
‘नाद खुळा’: जोरदार कौतुक. खुळा म्हणजे वेडा असं धरून यंत्र याला शिवी समजतं.
‘भाळ चलो ऐति’: फार छान आहे. हिंदीतला ‘चलो’ नव्हे.
‘ग्राफिक्स भारी’: कौतुक. याचं भाषांतर ‘ग्राफिक्स जड आहेत’ असं झालं तर एक चांगला शेरा कामगिरीच्या तक्रारींत जाऊन बसतो.

‘भारी’चा हा घोळ किरकोळ वाटेल. पण कौतुकाचा हा सगळ्यात सोपा शब्द. पन्नास ठिकाणी आला की ‘मराठी खेळाडूंना ग्राफिक्स जड जातात’ असा निष्कर्ष बैठकीत मांडला जातो आणि कुणीतरी उत्साहानं चित्रांचा दर्जा कमी करून टाकतो. मशीनचं भाषांतर नजर फिरवायला वापरा, मोजणीला नाही.

छोट्या वाक्यात मराठी आणि हिंदी वेगळी करायला ‘आहे’, ‘नाही’, ‘झालं’, ‘मध्ये’, ‘पण’ आणि ळ शोधा. ‘है’, ‘नहीं’, ‘गया’ दिसलं की हिंदी. रोमन लिपीतल्या मजकुरासाठी हीच यादी वेगवेगळ्या स्पेलिंगांसह करावी लागते. जे राहील ते हातानं.

विषय-कोड बारापेक्षा जास्त नकोत. पहिले ५० अभिप्राय दोघांनी एकमेकांचं न बघता कोडात बसवावेत. ४० पेक्षा कमी जुळले तर दोष माणसांचा नसतो, कोडांच्या व्याख्या धूसर असतात. त्या नीट करून पुन्हा ५० घ्या.

मोजणी

बेरीज आधी करू नका. समजा १००० अभिप्राय आले: ७०० हिंदी, २०० कन्नड, १०० मराठी. गेम बंद पडल्याची तक्रार हिंदीत १४, कन्नडमध्ये ६, मराठीत २०. एकूण ४०, म्हणजे ४ टक्के, आणि यादीत ती खाली जाते. भाषेनुसार पाहिलं तर हिंदीत २, कन्नडमध्ये ३ आणि मराठीत तब्बल २० टक्के! याचा अर्थ बहुधा मराठी मजकुरातच काहीतरी फुटतंय, एखादा फॉन्ट किंवा लांब वाक्य.

गटात ३० पेक्षा कमी अभिप्राय असतील तर टक्के छापू नका, वाक्यं वाचा. शंभर उत्तरांवर टक्केवारीत साधारण १० इकडंतिकडं धरावं लागतं, ४०० वर ५. आणि तेही उत्तरं देणारे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे असतील तर. आपणहून लिहिणाऱ्यांत चिडलेले आणि खूष असलेलेच जास्त. गप्प बसलेल्यांचं काय, हे खेळण्याच्या नोंदींतून पाहा: मराठी निवडलेले खेळाडू कोणत्या पडद्यावरून परत फिरतात आणि कन्नड निवडलेले कोणत्या.

काही तारखा बाजूला ठेवा. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे मराठी संघटनांचा काळा दिन. त्या आठवड्यात एक तारा देऊन ‘आमची भाषा का नाही’ असं लिहिणाऱ्यांची लाट येऊ शकते. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हाही वातावरण तापतं. हे अभिप्राय पुसू नका, त्यांना वेगळा कोड द्या. त्यात खरी मागणीही असते. पण त्या आठवड्याची सरासरी काढून ‘नवं अपडेट आवडलं नाही’ म्हणू नका. प्रश्नावलीही या दिवसांत, गणपतीत आणि परीक्षांच्या काळात पाठवू नका.

मुलं, संमती आणि बक्षीस

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा खेळाडू बालक धरला जातो, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू चारही त्यात आहेत. लहान टीमसाठी सोपा मार्ग म्हणजे अभिप्रायासोबत नाव, नंबर मागायचाच नाही, आणि आवाजाचा निरोप लिहून झाला की ३० दिवसांत काढून टाकायचा.

बक्षीस द्यायचं तर गेममधले थोडे कॉइन, आणि अभिप्राय चांगला असो की वाईट, सगळ्यांना सारखे. गुगल प्लेवरच्या ताऱ्यांच्या बदल्यात काहीही देणं त्यांच्या नियमांत बसत नाही.

उत्तर परत पोचवणं

गुगल प्लेवर उत्तराला ३५० चिन्हांची मर्यादा आहे आणि नव्या आवृत्तीच्या टिपणाला प्रत्येक भाषेत ५००. अभिप्राय ज्या भाषेत आणि ज्या लिपीत आला, त्यातच उत्तर द्या. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याला शुद्ध देवनागरीत उत्तर गेलं तरी तो वाचतो, पण इंग्रजीत गेलं तर त्याला ते छापील वाटतं. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’नं सुरुवात करू नका, त्यात तीसेक चिन्हं जातात आणि कळत काहीच नाही. असं लिहा: ‘२ जीबी रॅमच्या फोनवर गेम उघडत नव्हता, ते आवृत्ती २.४ मध्ये दुरुस्त केलंय. अपडेट करून पाहा, तरी अडलं तर सेटिंगमधल्या माईकवर सांगा.’

नव्या आवृत्तीचं टिपण मराठीत आणि कन्नडमध्ये एकाच वेळी चढवा. एक आज आणि दुसरं आठवड्यानं गेलं, तर उशिरा मिळालेल्या भाषेचे खेळाडू ते तारखेसकट दाखवून देतात. अपडेटनंतर १४ दिवसांनी पुन्हा तोच तक्ता उघडा, ‘उघडना झालाय’ आणि ‘आगवल्दु’ दोन्ही शोधा. एका भाषेत आकडा खाली आला आणि दुसऱ्या भाषेत नाही, तर दुरुस्ती अर्धीच पोचली आहे. त्या दुसऱ्या भाषेच्या तीन खेळाडूंना पुन्हा समोर बसवा.